तासावर मोजलेला अध्यापक

कोलशेतला रसायनांचे कारखाने चालू होते त्या काळी कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार यांतील भेद कोणाला समजावून सांगावा लागत नसे. काम तेच, परंतु एकाला हक्क आणि दुसऱ्याला केवळ हजेरी. वाचकहो, तोच भेद आज विद्यापीठांच्या वर्गांत शिरला आहे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र शेजारी बाळकुमलाच आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकास शिकविलेल्या तासाचे मानधन मिळते. व्याख्यानाच्या तयारीचे, तास संपल्यावर शंका घेऊन आलेल्या मुलीस दिलेल्या वेळेचे काही मिळत नाही. सुट्टीत उत्पन्न थांबते. मग तो दुसऱ्या महाविद्यालयातील तास गाठण्यासाठी धावतो, आणि लोक त्यास कामचुकार म्हणतात! ज्या घरातून प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचत आहे, त्या घरातील विद्यार्थ्यास तासानंतर थांबणारा अध्यापक सर्वांहून अधिक हवा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावी आणि त्यांना कायम सहायक प्राध्यापकाहून कमी वेतन नसावे, असे म्हटले होते. 'तासिका' हा शब्द योजला की ही दोन्ही बंधने जणू विरघळून जातात.

वरून लादलेल्या कामाचे काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखविले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून एकाच वेळी सर्व शाखांना लागू केली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. विधिशाखेचे विद्यार्थी निकालाकडे डोळे लावून बसले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, पण विद्यार्थ्यांचे गेलेले महिने कोण परत देणार?

यात आपल्या हक्काचाही प्रश्न आहे. मंजूर पद रिकामे ठेवून तासिकेवर काम भागविले, की त्या पदाबरोबर राखीव जागाही पुढे ढकलली जाते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. त्यानंतर शिकलेल्या पिढीस 'योग्य उमेदवार आढळला नाही' हे वाक्य ऐकावे लागते. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेब प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांच्या पाण्याच्या भांड्यास हात लावू नये अशी हरकत निघाली होती. आज हरकत भांड्यापाशी न निघता निवड समितीच्या शेऱ्यात निघते, इतकेच.

म्हणून केवळ संताप व्यक्त करून थांबू नका. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये दहा रुपयांचे शुल्क भरून आपल्या मुलाच्या महाविद्यालयास लेखी विचारा: मंजूर पदे किती, रिक्त किती, तासिकेवर किती, बिंदुनामावली शेवटची केव्हा तपासली गेली. महाविद्यालय शासकीय वा अनुदानित असल्यास उत्तर देणे त्यास भाग आहे. तीस दिवसांत ते न आल्यास पुढील तीस दिवसांच्या आत प्रथम अपील दाखल करावे, आणि आलेल्या उत्तराची एक प्रत आमच्याकडेही पाठवावी.