पाखराचा घास

सायंकाळी घरातील मंडळी ओसरीवर चहा घेत बसलेली असतात. जवळच टांगलेल्या पिंजऱ्यात पाखरू किलबिलत असते. धाकटे मूल चहात बुडवलेल्या बिस्किटाचा तुकडा गजांतून आत सरकवते, पाखरू तो टिपते आणि सर्वांस मोठे कौतुक वाटते. परंतु हा घास त्या चिमुकल्या जिवास मानवेल काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

"आपण खातो ते पाखरास का चालू नये?" असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर हिरव्या मिरचीकडे आहे. माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारी मिरची पोपट आवडीने खातो. कारण तिच्यातील तिखट द्रव्याची आच पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही. माणसाचे शरीर निराळे, पाखराचे निराळे. आपणांस जे झोंबते ते त्यास बाधत नाही. त्याचप्रमाणे आपणांस जे रुचते ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

चॉकलेटातील थिओब्रोमीन आणि चहा-कॉफीतील कॅफीन ही द्रव्ये पाखरांना विषासमान होत. ॲव्होकॅडो या फळातील पर्सिन तर त्यांचा प्राणच घेते. कांदा, लसूण, खारट फरसाण आणि सफरचंदाच्या बिया हेही वर्ज्यच समजावे. दूधही त्यांना नीट पचत नाही. मूळचा ऑस्ट्रेलियातील बजरीगर आज अनेक घरांत दिसतो. त्याचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते. माणसाची चिमूट ही त्याची ओंजळ होय!

मग त्यास द्यावे तरी काय? राळे व बाजरी हे त्याचे आवडते दाणे. परंतु केवळ दाण्यांवर ठेवलेल्या पाखरास 'अ' जीवनसत्त्व व चुना यांची उणीव भासते. म्हणून किसलेले गाजर, स्वच्छ धुतलेली मेथी व कोथिंबीर, बिया काढलेली सफरचंदाची फोड आणि चोच घासण्यास समुद्रफेनाचा तुकडा द्यावा. पाणी रोज बदलावे.

कोणी म्हणेल, "आमच्या आजोबांचा पोपट आमच्याच ताटातले खाऊन वर्षानुवर्षे जगला." आज तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या रानातील पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. शिवाय, जगणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. पक्षी आपले दुखणे लपवतो. ते धन्याच्या ध्यानी येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

रानातील पाखरू आपला घास आपणच निवडते. नको ते टाकून देते, हवे ते शोधीत दूरवर उडते. पिंजऱ्यातील पाखरापुढे मात्र माणूस ठेवील तेवढेच असते. ज्याने त्याची निवड हिरावून घेतली, त्यानेच त्याच्या वतीने विचारपूर्वक निवड केली पाहिजे. अजाण मायेने दिलेला घास हा प्रेमाचा घास नव्हे.