‘आत उतरून साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका

सेप्टिक टँकचा भरवशाचा कंत्राटदार कसा शोधावा, हा प्रश्न घर बांधणारा माणूस कधी ना कधी विचारतोच. दर काय, हमी किती वर्षांची, बोलावल्यावर किती वेळात येतो, एवढ्यावर बहुतेकांची चौकशी संपते. पीएचडीच्या कामासाठी मी मैला उपसणाऱ्या गाड्यांबरोबर आणि त्या बोलावणाऱ्या सोसायट्यांमध्ये फिरते. तिथे ‘भरवशाचा माणूस’ म्हणजे कोण, याचे उत्तर मला बहुतेक ठिकाणी एकच मिळाले: जो कुरकुर न करता आत उतरतो.

एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे अगदी सहज सांगितले. “गाडीवाला वरचं पाणी ओढून जातो, तळाचा गाळ तसाच राहतो. आमचा आधीचा माणूस बादली घेऊन उतरायचा, टाकी लख्ख करून द्यायचा. त्यांना सवय असते हो.”

या ‘त्यांना’मध्ये जात आहे, आणि ती उच्चारावीही लागत नाही. नमस्ते योजनेखाली २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ६९ टक्के. हायड्रोजन सल्फाइडची सवय मात्र कुठल्याच जातीच्या फुप्फुसाला होत नाही. या वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात आपण ‘तिघांचा गुदमरून मृत्यू’ वाचतो ते असे घडलेले असते.

आणि ज्या ‘लख्ख’पणासाठी माणूस उतरवला जातो, त्याची गरजच नसते. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवण्याचे काम जिवाणू करतात. उपसताना तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवायचा असतो, म्हणजे ते पुन्हा कामाला लागतात. घट्ट बसलेला गाळ वरूनच दाबाने पाणी मारून सैल करता येतो आणि पाइपने ओढता येतो. घासून-पुसून टाकी चकचकीत करणे ही आपल्या शुद्धतेच्या कल्पनेची हौस आहे, अभियांत्रिकीची मागणी नव्हे.

२०१३ च्या कायद्याचे कलम ७ कुणालाही सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावण्यास मनाई करते. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द घरमालकांनी आणि सोसायट्यांनी नीट वाचावा. ‘आम्ही कंत्राट दिलं होतं, त्यानं कुणाला उतरवलं ते आम्हाला काय माहीत’ हा बचाव त्या शब्दापुढे लंगडा पडतो. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात लढल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश दिला आणि सरकारला ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची वाट मोकळी ठेवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम ३० लाखांवर नेली.

केंद्राने २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतले. त्यात ३८ जण वैयक्तिकरीत्या कामाला बोलावलेले होते. ४९ प्रकरणांत अंगावर कसलेही सुरक्षा साधन नव्हते. म्हणजे बहुतेक वेळा मधे ना नगरपालिका, ना मोठी कंपनी. असतो एक फोन, एक तोंडी सौदा आणि हजार-दोन हजारांची घासाघीस.

म्हणून पहिला प्रश्न दराचा नको. ‘माणूस उतरणार का?’ हे विचारा. ‘गरज पडली तर’ असे उत्तर आले तर फोन ठेवा. ‘आधी मेणबत्ती सोडून बघतो’ म्हणणाऱ्यालाही टाळा. मेणबत्तीला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, आणि मिथेन साठला असेल तर तीच भडका उडवते. गाडी कुठली, पाइप टाकीपर्यंत पोहोचेल का, मदतनिसाला हातमोजे-बूट कोण देतो, विमा आहे का, हेही विचारा. यंत्र आले म्हणून जात गेली असे होत नाही. गाडीवरचा मदतनीसही बहुधा त्याच वस्तीतला असतो. नमस्ते योजनेत सफाई कामगारांना स्वतःची गाडी घेण्यासाठी अनुदान आहे. कामगाराच्या मालकीची गाडी जवळपास असेल तर काम तिला द्या, दोनशे रुपये जास्त पडले तरी.

बांधतानाचा कंत्राटदार तर याहून महत्त्वाचा, कारण दहा वर्षांनी कुणाला आत उतरावे लागेल की नाही हे तोच ठरवतो. भारतीय मानक आयएस २४७० त्याला माहीत आहे का? प्रत्येक कप्प्यावर उघडता येणारे झाकण, हवेचा उंच पाइप, गाडी उभी राहील अशी जागा, एवढे तरी हवेच. झाकणावर फरशी बसवून देणारा गवंडी मालकाला आवडतो; पुढे ती फोडून माणूसच खाली सोडला जातो. नवी, कोरी टाकीही सुरक्षित नसते. बंद टाकीतले सेंट्रिंग काढताना ऑक्सिजन संपलेला असू शकतो. झारखंडच्या देवघर जिल्ह्यात ऑगस्ट २०२० मध्ये नव्याने बांधलेल्या टाकीत सहा जण गेले, घरमालकासह.

हे सगळे एकेका ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोडण्याची गोष्टच नव्हे, हे मलाही कळते. वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी घरमालकाच्या फोनची वाट न बघता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. मोठमोठ्या महानगरपालिकांना जे सुचत नाही, ते या छोट्या गावांनी करून दाखवले. तुमच्या गावात तशी सोय नसेल तर नगरसेवकाला विचारा, का नाही. तोवर कंत्राटाच्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरणार नाही, आणि गाडी मैला प्रक्रिया केंद्रातच रिकामी होईल, त्याची पावती मिळेल. स्वस्तातली गाडी बहुधा रात्री नाल्यात रिकामी होते, आणि त्या नाल्याच्या काठावर कुणाची घरे असतात हे वेगळे सांगायला नको.