२० डिसेंबरची रेघ

बातमीचा मथळा वाचून कायदेशीर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्याचा निकाल दिला आणि वडिलांच्या मालमत्तेत मुलींना समान वाटा, असं जो तो सांगू लागला. पण कोणत्या मालमत्तेत? निकाल आहे हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट मृत्युपत्र करून कुणालाही द्यायचा त्यांचा अधिकार होता तसाच आहे. एवढं न कळल्यामुळे किती घरांत रक्षाबंधनाला अबोला धरला गेला असेल!

मला स्वतःला निकालपत्र वाचायला आवडतं ते शेवटच्या आदेशापेक्षा आधीच्या गुंत्यासाठी. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलगी मुलाप्रमाणेच जन्मापासून सहदायाद ठरली. (महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं होतं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे त्या वर्षी वैशाखात सासरी गेलेली थोरली बाहेर आणि दिवाळीनंतर बोहल्यावर चढलेली धाकटी आत.) मग प्रश्न आला, २००५च्या त्या तारखेला वडीलच हयात नसतील तर?

फुलवती खटल्यात, २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील आणि मुलगी दोघंही त्या दिवशी हयात हवेत. २०१८ मध्ये दानम्मा खटल्यात वडील २००१ मध्येच वारलेले होते, तरी मुलींना वाटा मिळाला. दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. मग खालच्या कोर्टात ज्या वकिलाला जो निकाल सोयीचा, त्याची झेरॉक्स तो पुढे करणार. त्या काळातली जाणकार वकिलांची टिपणं वाचली की हा पेच किती खोल होता ते समजतं. बातम्यांत दोन्ही निकाल आपापल्या दिवशी ‘ऐतिहासिक’च होते.

अखेर न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने गाठ सोडवली. हक्क जन्माने येत असेल, तर वडील कधी गेले याला महत्त्व उरत नाही. वडिलांच्या निधनानंतर त्यांचा हिस्सा काढण्यासाठी कायदा जी काल्पनिक वाटणी धरत असे, तीही खरी वाटणी नव्हे. हे वाचताना खरंच वाटतं, एवढं साधं उत्तर मिळायला पंधरा वर्षं का लागावीत? प्रलंबित दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, अशी विनंतीही पीठाने केली. ‘शक्यतो’ या शब्दाला कोर्टात किती लांबी असते, हे ज्यांचा दावा चालू आहे त्यांना विचारा.

आपल्या गावागावांना लागू पडणारा भाग मात्र पुढे आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मुलींना आता उकरून काढता येत नाही. ही रेघ कायद्यानेच आखलेली आहे. पण वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. ‘आबांनी हयातीतच बांध घालून दिले होते’ अशी नुसती तोंडी साक्ष चालणार नाही. तोंडी वाटणी मान्य होईल ती अपवाद म्हणून आणि सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच.

आपल्याकडच्या कितीतरी शेतीवाटण्या तोंडीच झालेल्या. कुठे फेरफाराची नोंद, कुठे सातबाऱ्यावर वेगळी नावं, कुठे तेही नाही. यातला कोणता कागद किती वजनाचा, यावर दिवाणी कोर्टांत बहीण-भावांचे वकील भांडतात. म्हणून वाटपाच्या दाव्यातला उच्च न्यायालयाचा निकाल हाती आला की मी आधी तोंडी वाटणीचा परिच्छेद शोधतो; कोण जिंकलं ते नंतर.