भागीदाराचं कर्ज खर्चात, घरकुलवाल्याचं अंगावर

सरकार सांगतं, गरिबांच्या घरांसाठी आम्ही करसवलती दिल्या. आम्ही विचारतो, त्यातलं गरिबाच्या हाती काय पडलं?

2016 च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात कलम 80-आयबीए आणलं. लहान सदनिका बांधणाऱ्या बिल्डरला नफ्यावर शंभर टक्के वजावट! 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेले प्रकल्प त्यात बसतात. घराचं क्षेत्रफळ मोजलं, पुढे किमतीलाही 45 लाखांची मर्यादा घातली. घेणाऱ्याचं उत्पन्न मात्र विचारलंच नाही. 45 लाखांचं घर कुणाला ‘परवडणारं’?

बिल्डरची भागीदारी फर्म असेल, तर भागीदारांनी फर्मला दिलेल्या कर्जाचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज कलम 40(ब) प्रमाणे खर्चात धरता येतं. ते व्याज भागीदाराच्या हाती करपात्र ठरतं, हे खरं. पण तोच पैसा नफा म्हणून वाटून घेतला, तर भागीदाराला त्यावर कर नाही. फर्मला पर्यायी किमान कराची कात्री लागते, तेही मान्य. तरी व्याज घ्यायचं की नफा, ही निवड त्यांची. सीए त्यासाठीच ठेवलेला असतो.

आता मुकुटबनसारख्या गावात रमाई आवासचं घरकुल मंजूर झालेला शेतमजूर बघा. मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्याने. भिंती हप्त्याची वाट बघत नाहीत, म्हणून तो मायक्रोफायनान्सकडे नाहीतर सावकाराकडे जातो. मायक्रोफायनान्सचं व्याजच वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. कलम 24 मध्ये गृहकर्जाच्या व्याजाला 2 लाखांपर्यंत वजावट आहे. पण ज्याची कमाई आयकराच्या मर्यादेपर्यंतही पोचत नाही, त्याने वजावट कशातून घ्यायची?

आणि तो कर भरत नाही, असं कुणी आम्हाला सांगू नये. मुकुटबनलाच सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंटवर सप्टेंबर 2025 पर्यंत 28 टक्के जीएसटी होता, आता 18 आहे. म्हणजे 300 रुपये मूळ किमतीच्या पोत्यावर आजही 54 रुपये. पोतं घरकुलाचं असो की बंगल्याचं, कर तेवढाच.

1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी याच अन्यायावर बोट ठेवलं होतं: आयकराला उत्पन्नाची किमान मर्यादा आहे, शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही.

घरकुलासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज शासनाने थेट भरावं. सिमेंट-लोखंडावरचा जीएसटी लाभार्थ्याच्या खात्यात परत यावा. आणि बिल्डरांची सवलत पुन्हा आणायचीच असेल, तर अनुसूचित जाती-जमातींच्या अल्प उत्पन्न कुटुंबांना किती घरं विकली, याचा हिशेब आधी मागावा.