बक्षीस वेगळे, मोबदला वेगळा



मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतली ही मुले. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी 25 लाखांचे बक्षीस जाहीर केले. जिवतीपासून भामरागडपर्यंत आपली मुले-मुली धावतात, कबड्डी खेळतात. उद्या त्यांच्यापैकी एखादीचा फोटो बुटांच्या जाहिरातीवर झळकेल. तो पैसा घरात येण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. खेळाडूला मिळणारा प्रत्येक रुपया कायद्याच्या नजरेत सारखा नसतो.

सरकारने लोकहितार्थ मान्य केलेल्या बक्षिसाला आयकर लागत नाही. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकविजेत्यांना केंद्र वा राज्य सरकार देते त्या रकमांना 2014 साली तशी मान्यता मिळाली. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्तीही करमुक्त असते. पण जाहिरातीचा पैसा हे बक्षीस नव्हे, तो कामाचा मोबदला आहे. तो उत्पन्नातच धरला जातो.

हा फरक मोठमोठ्यांनाही चुकला नाही. परदेशी कंपन्यांकडून जाहिरातीपोटी मिळालेल्या रकमेवर सचिन तेंडुलकर यांनी कलावंतांची करसवलत मागितली. जाहिरातीत आपण अभिनय करतो, असे त्यांचे म्हणणे होते. आयकर खात्याने ते नाकारले. 2011 साली मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने ते मान्य केले. ती सवलत आता उरलेली नाही. पण खेळाची कमाई वेगळी आणि जाहिरातीची वेगळी, हे त्या वादातून स्पष्ट झाले. अमेरिकेत 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. तिथेही त्या पैशावर कर भरावा लागतो.

आपल्याकडे गणित असे. समजा, बारावीतल्या सतरा वर्षांच्या मुलीला एका कंपनीने जाहिरातीचे 60 हजार रुपये दिले. कंपनी सहसा दहा टक्के, म्हणजे 6 हजार, आधीच कापून सरकारजमा करते. पॅन कार्ड नसेल तर कपात वीस टक्के, म्हणजे 12 हजार. मुलीचे दुसरे उत्पन्न नसेल तर तिला कर मुळीच लागत नाही, कारण 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. पण कापलेले पैसे घरबसल्या परत येत नाहीत. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. पैशाऐवजी मोटारसायकल मिळाली, तरी तिची किंमत उत्पन्नात धरली जाते.

आता पालकांसाठी महत्त्वाचे. अज्ञान मुलाचे उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते. पण स्वतःच्या कौशल्याने, गुणाने केलेली कमाई त्या मुलाचीच राहते. म्हणून चेक मुलीच्याच नावाने घ्यावा, करारही तिच्याच नावाने, पालकाच्या सहीने करावा. तो पैसा वडिलांच्या खात्यात गेला, तर उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी अडचण उभी राहू शकते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. एका जाहिरातीपायी धाकट्या भावाचे शिक्षण अडू नये! मात्र त्या पैशाची ठेव केली, तर व्याज पालकांच्या उत्पन्नात धरतात, हेही ध्यानात ठेवावे.

आदिवासींना आयकर नसतो, असे पुष्कळजण समजतात. ती सवलत ईशान्येकडील ठराविक भाग व लडाख येथील अनुसूचित जमातींपुरती आहे. गडचिरोलीच्या गोंड-माडिया बांधवांना ती लागू नाही.

तेव्हा मुलीच्या नावाने पॅन कार्ड काढा, बँकेत खाते उघडा. पैसा कशाबद्दल दिला, हे लिहून घेतल्याशिवाय कुठेही सही करू नका. कपातीचा दाखला जपून ठेवा. मुलीने घाम गाळून मिळवलेला पैसा कागदाअभावी वाया जाऊ देऊ नका.