निबंधस्पर्धेच्या प्रपत्रात नसलेला रकाना

२०१८ च्या हिवाळ्यात अभनपूर येथील एका शाळेच्या वर्गखोलीत बसून मी एक निबंध बाद केला. त्यावर माझी सही आहे. किंवा होती असे म्हणावे लागेल, कारण तो गठ्ठा पुढे रद्दीत गेला. हे आधी सांगून टाकतो. ते न सांगता सरकारी निबंधस्पर्धांवर टीका करणे अप्रामाणिक ठरेल.

अभनपूर हे रायपूरच्या दक्षिणेस पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेले, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखे गाव. येथून एक वाट धमतरीकडे व दुसरी राजिमकडे जाते. आमचे घर तीन पिढ्या रायपूरचे, माझी नोकरी राज्य सेवेतली. निवृत्तीनंतर ज्याला नाही म्हणण्यासाठी सबळ कारण उरत नाही अशा माणसाला परीक्षक म्हणून बोलावतात, तसे मला बोलावले होते. स्पर्धा एका खात्याची होती. खात्याचे नाव महत्त्वाचे नाही, कारण सर्व खात्यांच्या स्पर्धा सारख्याच असतात. विषय होता : राज्याच्या विकासात युवकांचा वाटा. शब्दमर्यादा पाचशे. भाषा हिंदी अथवा इंग्रजी. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही व शिक्का आवश्यक.

दोन गठ्ठे माझ्यापुढे आले. पहिले दहा निबंध वाचल्यावर अकरावा वाचण्याची गरज राहिली नाही. युवक हा देशाचा कणा, युवकांनी व्यसनांपासून दूर राहावे, युवकांनी शासकीय योजनांचा लाभ घ्यावा, आणि शेवटी एक श्लोक. एका शाळेतील सर्व मुलांचा श्लोकही तोच, त्यातील अशुद्धही तेच. फळ्यावरून उतरवून घेतलेला मजकूर ओळखायला परीक्षक असावे लागत नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यात मध्यभागी एका अकरावीतल्या मुलीचा निबंध होता. तिने आपल्या आजीविषयी लिहिले होते. आजी अभनपूरच्या स्थानकावरून छोट्या गाडीने भाजीचा टुकना घेऊन रायपूरला जात असे. २०१७ साली रायपूर शहरातला तेलीबांधापासूनचा मार्ग बंद झाला, गाडी केंद्रीपासून पुढेच धावू लागली, आणि आजीच्या दृष्टीने गाडी असून नसल्यासारखी झाली. केंद्रीला उतरून टुकन्यासह दुसरे वाहन करायचे तर भाजीत काही उरत नाही, आणि बसवाला टुकन्याचे वेगळे पैसे मागतो. जाण्याचा खर्च, टुकन्याचा खर्च, विक्री व शिल्लक असा हिशेबच तिने मांडला होता. पूर्वीचा एक, आताचा एक. आणि शेवटी विचारले होते की, विकासात युवकांचा वाटा काय हे ती सांगेल, पण विकासात आजीचा वाटा किती धरला आहे हे आधी कोणी सांगावे.

निबंध पाचशे शब्दांहून बराच मोठा होता. मुख्याध्यापकांचा शिक्का नव्हता. ‘टुकना’ आणि ‘बासी’ हे दोन छत्तीसगढी शब्द माझ्या आधीच्या परीक्षकांनी लाल शाईने अधोरेखित करून समासात ‘अशुद्ध’ असे लिहिले होते. विषयांतर तर उघडच होते. चार कारणे झाली. नियमाप्रमाणे एकही पुरेसे होते. मी सही केली. दुपारचे तीन वाजले होते आणि बक्षीससमारंभासाठी पाहुणे चारला यायचे होते.

यात कोणाची चूक, असे विचारले तर कागदोपत्री कोणाचीच नाही. म्हणूनच हा विषय प्रशासनाचा आहे, केवळ शिक्षणाचा नव्हे.

निबंधस्पर्धा प्रशासनात कशी जन्मते हे ज्यांनी आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादा दिवस किंवा सप्ताह साजरा करावयाचा असतो. वरून पत्र येते, त्यात कार्यक्रमांची यादी असते : प्रभातफेरी, शपथ, रांगोळी, निबंध. पत्र जिल्ह्याहून विकासखंडाला, तेथून संकुलाला आणि तेथून शाळेला पोहोचते तेव्हा हातात दोन दिवस उरलेले असतात. त्याच पत्रासोबत अहवालाचे प्रपत्र असते. त्यात रकाने असतात : शाळांची संख्या, सहभागी मुले, सहभागी मुली, छायाचित्रे जोडली आहेत काय. माझ्या सेवेत मी अशी कितीतरी प्रपत्रे भरून घेतली व काही स्वतः तयार केली. ‘मुलांनी काय लिहिले’ असा रकाना मी एकाही प्रपत्रात पाहिला नाही, आणि माझ्या स्वतःच्या प्रपत्रांतही तो ठेवला नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट प्रशासनाच्या दृष्टीने घडलेलीच नसते. मग शिक्षक फळ्यावर मजकूर लिहून देतो त्याला मी दोष कसा देऊ? त्याला संख्या मागितली होती, त्याने संख्या दिली.

माझा खरा आक्षेप विषयांवर आहे. ‘स्वच्छतेचे महत्त्व’, ‘मतदान : माझे कर्तव्य’, ‘जल हेच जीवन’ हे विषय म्हणजे प्रश्न नव्हेत. ती उत्तरे आहेत, आणि मुलांनी ती पाचशे शब्दांत परत म्हणून दाखवायची आहेत. स्वच्छतेला महत्त्व नाही असा निबंध कोणी लिहील काय? स्वच्छता महत्त्वाची आहे हे शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे; शाळेच्या शौचालयाला पाणी नाही हेही ठाऊक आहे. स्पर्धा त्यांना पहिले लिहायला सांगते आणि दुसरे लिहू नये हे न सांगता शिकवते. अर्ज करताना खरे काय ते सोडून साहेबांना काय आवडेल ते लिहायचे, ही सवय आपल्या समाजात कोठून आली असे अधिकारी मंडळी वारंवार विचारतात. आम्हीच बक्षिसे देऊन ती लावली.

जगात याहून वेगळे झालेच नाही असे नाही. १७४९ साली फ्रान्समधील दिजोंच्या अकादमीने निबंधस्पर्धेसाठी प्रश्न ठेवला : विद्या व कला यांच्या पुनरुज्जीवनाने नीतिमत्ता शुद्ध झाली काय? ‘होय’ म्हणणे सोयीचे होते. प्रश्न विचारणारी संस्था स्वतःच विद्येची होती. रूसो नावाच्या, तोवर फारशा नाव नसलेल्या माणसाने ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि १७५० साली अकादमीने बक्षीस त्यालाच दिले. मला रूसोइतकेच त्या परीक्षकांचेही कौतुक वाटते. त्यांनी विषयांतर म्हणून तो निबंध बाजूला ठेवला नाही, कारण त्यांनी प्रश्न खरोखर विचारला होता.

आपल्या घरातले उदाहरण याहून बोलके आहे, आणि त्याला दोन बाजू आहेत. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ पत्राने मुक्ता साळवे या, जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने उभा केला. बाळंत होताना आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे लिहिले. तिला कोणी शब्दमर्यादा घातली नव्हती आणि ‘शिक्षणाचे महत्त्व’ असा विषय देऊन फळ्यावर मुद्दे लिहून दिले नव्हते. त्याच १८५५ साली जोतीराव फुल्यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. ही कमिटी सरकारी निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देत असे. तिने ते नाकारले. आज मराठी नाटकाचा इतिहास त्या नाटकाशिवाय लिहिता येत नाही. कमिटीतील सभासदांची जात व हितसंबंध हे कारण जोतीरावांनी पुढे स्वतः ‘गुलामगिरी’त सांगितले आहे आणि ते खरेच मानावे लागते. पण मी सरकारी माणूस असल्याने मला त्यासोबत आणखी एक चित्र दिसते : टेबल, गठ्ठा, आणि सही करून मोकळे होऊ पाहणारा माणूस.

यावर माझे एक माजी सहकारी म्हणाले की, मी मुलांच्या निबंधांकडून फार मोठी अपेक्षा करतो; हा भाषेचा सराव आहे, त्यातून धोरण ठरत नसते. सराव कशाचा, हे ते सांगू शकले नाहीत. संघ लोकसेवा आयोगाने सतीश चंद्र समितीच्या शिफारशीनंतर १९९३ पासून नागरी सेवा मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र उत्तरपत्रिका ठेवली. २०१३ पासून ती २५० गुणांची आहे आणि उमेदवार ती मराठीतही लिहू शकतो. ती ठेवली ती उमेदवार स्वतः विचार करू शकतो काय हे पाहण्यासाठी. म्हणजे अधिकारी निवडताना आम्हाला स्वतंत्र विचार हवा असतो, आणि निवडून आल्यावर तोच अधिकारी मुलांना ‘जल हेच जीवन’ लिहायला बसवतो!

शिवाय आता एक नवी अडचण आहे, आणि मला तिचा थोडा आनंदच वाटतो. ‘विकासात युवकांचा वाटा’ हा निबंध आता संगणकावरील यंत्र अर्ध्या मिनिटात, फळ्यावरच्या मजकुरापेक्षा शुद्ध हिंदीत लिहून देते. खात्यांची चिंता अशी की मुले नक्कल करतील. अहो, मुले नक्कल आधीही करीत होती, फक्त ती हाताने करीत होती. यंत्राला लिहिता येणार नाही तो टुकन्याच्या भाड्याचा हिशेब. तो आम्ही बाद करतो.

भाषेच्या अटीविषयी थोडे. छत्तीसगढ विधानसभेने २००७ साली कायदा करून छत्तीसगढीला हिंदीसोबत राजभाषेचा दर्जा दिला. राजभाषेतील एक शब्द सरकारी स्पर्धेत लाल शाईने अशुद्ध ठरतो, यात विसंगती आहे असे त्या दिवशी आम्हा तिघांपैकी एकाही परीक्षकाला सुचले नाही. मला तरी सुचायला हवे होते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांनी तिशी गाठण्यापूर्वी, १९०० साली, येथल्याच पेंड्रा गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, कारण ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे ते लोक मराठी वाचणारे नव्हते. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या दिशेने चार पावले चालावीत, इतकी अपेक्षा तरी त्या उदाहरणावरून आम्हा रायपूरच्या मराठी माणसांकडून करायला हरकत नव्हती.

आणि आपल्या मंडळांनीही हसू नये. महाराष्ट्राबाहेर, मग ते रायपूर असो, इंदूर असो की त्याहून दूरचे कुठले शहर, आपण मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवतो आणि विषय देतो : ‘माय मराठीचे महत्त्व’. ज्या मुलाने मराठी फक्त आजीशी बोलताना वापरली आहे त्याला हे महत्त्व पटवून देण्याचे काम आपण त्याच्याकडूनच करून घेतो. तू आजीशी कोणत्या भाषेत भांडतोस, असे विचारले तर कदाचित दोन पाने येतील. ऱ्हस्वदीर्घ चुकलेली, पण त्याची स्वतःची.

मग करावे काय? परिपत्रकाच्या भाषेतच सांगतो, कारण मला तीच नीट येते. विषय प्रश्नाच्या रूपात द्यावा आणि त्याचे उत्तर खात्याला स्वतःला माहीत नसावे. प्रवेशिका शाळेच्या शिक्क्याशिवाय, थेट टपालाने स्वीकारावी. ज्या शाळेविषयी मूल लिहिणार त्याच शाळेची परवानगी त्याने का आणावी? परीक्षकांत किमान एक अधिकारी असा असावा ज्याच्या हातात त्या विषयाचे काम आहे, आणि त्याने वाचलेल्यांपैकी तीन निबंधांवर काय कार्यवाही झाली हे त्या तीन मुलांना पत्राने कळवावे. खर्च तीन पाकिटांचा. अहवालाच्या प्रपत्रात एक रकाना वाढवावा : ‘या निबंधांतून कार्यालयास प्रथमच कळलेली बाब.’ रकाना निरंक पाठवण्याची मुभा ठेवू नये.

त्या मुलीचा निबंध मी नंतर शोधला. निकालानंतर प्रवेशिका ठराविक काळ ठेवून नष्ट करतात, त्याप्रमाणे त्या नष्ट झाल्या होत्या; यात पुन्हा नियमभंग काही नाही. तिचे नाव मला आठवत नाही. हिशेबातला शेवटचा, शिलकीचा आकडाही आठवत नाही, फक्त तो लहान होता एवढे आठवते. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर ते अभनपूर मोठ्या मापाच्या रुळांवरून नवी गाडी सुरू झाली. ती मंदिर हसौद व नवा रायपूर असा वळसा घेऊन येते. जुना सरळ मार्ग गेला, त्याचा रायपूर शहरातला भाग एक्स्प्रेस रस्त्याखाली गेला. आजीला ही गाडी सोयीची आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि ज्यांना कळवायचे त्यांनाही बहुधा माहीत नसावे.

यंदा पुन्हा एका खात्याकडून परीक्षक होण्याविषयी पत्र आले आहे. मी उत्तरात होकार कळवला, सोबत विषय बदलून देण्याची विनंती केली आणि विषयही सुचवला : ‘तुमच्या गावातील अशी कोणती गोष्ट आहे जी कलेक्टर साहेबांना ठाऊक नाही?’ त्याला तीन आठवडे झाले. पोच आली आहे, उत्तर आलेले नाही.