आम्ही अंगठा दाखवतो

वाचकहो, पूर्वी कोणी अंगठा दाखवला की समजावे, गृहस्थ ऐन वेळी दगा देणार. हल्ली मोबाइलवर अंगठा पाठवला म्हणजे म्हणे पाठिंबा दिला! आम्ही मात्र अजून जुन्याच अर्थाला धरून आहोत. कसे, ते सांगतो.

४ ऑक्टोबर २०१९ चा शुक्रवार. मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडायला वा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने संमती दिली होती. तिच्याविरुद्धचे अर्ज त्या दिवशी उच्च न्यायालयाने फेटाळले आणि रात्रीच करवती सुरू झाल्या. कोणी तरी अंधारातच चित्रफीत काढली, ती व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचली, आणि जेवणे उरकून निजायच्या बेतात असलेली माणसे आरेच्या वाटेला लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मैदान भरायचे तर भिंतीवर चुना, हातात पत्रके आणि शाबूत घसा लागे. इथे बोटभर काम!

आमच्याही मोबाइलवर निरोप आला. भाच्याचा. ‘मामा, येताय का?’ आम्ही अंगठा दाखवला आणि झोपलो.

भाचा गेला. शनिवारी तिथे जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. हा नाक्यावरून परत पाठवला गेला. गर्दीने करवत थांबली का? नाही. सोमवारपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली होती. थांबवली ती एका पत्राने. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी रविवारी सरन्यायाधीशांना पत्र दिले, सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच याचिका मानले, सुट्टीत खास पीठ बसवले आणि सोमवारी ‘आता तोड नको’ म्हणून सांगितले. त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारे पुसून पूजेला मांडण्याचा दिवस!

तेव्हा मोबाइलने झाडे वाचवली असे कोणी म्हणाले तर आम्ही मान हलवणार नाही. पण रात्री मुंबईत पडलेल्या झाडाची खबर दिल्लीकडच्या पोराला दुसऱ्या दिवशी नसती, तर ते पत्र लिहिले तरी कोणी असते?

कारशेड अखेर आरेतच झाली. मध्ये ती कांजूरमार्गला न्यायचे ठरले, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्या मार्गावर गाडी धावू लागली. भाचा तिनेच कचेरीत जातो. हे लपवले तर आम्ही खोटे ठरू. विचारले तर म्हणतो, ‘गाडीशी भांडण नव्हतेच, मामा. जागेशी होते.’

तो गट अजून चालू आहे. सकाळी गुलाबाची फुले येतात, सणाला दिवे येतात. परवा मात्र निराळा निरोप आला: रविवारी सातला, रोपांना पाणी घालायला. खाली भाच्याची ओळ, ‘मामा, येताय का?’

अजून उत्तर दिलेले नाही. बूट शोधतो आहोत.